अमोनियाच्या बाटलीत हायड्रॉक्साइड नेमकं किती?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने ०.१ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडचं १०० मिली द्रावण घेतलं आणि त्यात ०.१ मोलर अमोनिया १०० मिली ओतला. मिसळल्यावर दोघांचीही संहती ०.०५ मोलर झाली. पुस्तकातल्या सूत्राने तिने हायड्रॉक्साइड काढलं, ते आलं ९.५ × १०⁻⁴ मोलर. एका मॅग्नेशियमला दोन हायड्रॉक्साइड लागतात. म्हणजे फार तर ४.७ × १०⁻⁴ मोलर मॅग्नेशियम खाली बसायला हवं, वजनात साडेपाच मिलिग्रॅम. तिने अवक्षेप, म्हणजे खाली बसलेला साका, गाळला, धुतला, वाळवला आणि वजन केलं, तर भरला ११२ मिलिग्रॅम. वीसपट! शेजारच्या मुलाने आधीच चमचाभर अमोनियम क्लोराइड टाकलं होतं, त्याच्या बीकरमध्ये साका आलाच नाही. तिचे प्रश्न दोन आहेत. जास्तीचं हायड्रॉक्साइड आलं कुठून? आणि अमोनियम क्लोराइडने अमोनियाला 'मारलं' का?

पहिली गोष्ट, तुझं वजन बरोबर आहे. हे आधी सांगते, कारण अशा वेळी नव्वद टक्के मुलं वजनकाट्याला दोष देतात आणि वहीत साडेपाच लिहून मोकळी होतात. तू तसं केलं नाहीस म्हणून हे उत्तर एवढं लांबलचक लिहितेय.

चूक आहे ती हिशोबातल्या एका गृहीतात, आणि ते गृहीत तुझ्या मनात बसवण्यात आम्हा शिकवणाऱ्यांचाच हात आहे. आम्ही फळ्यावर केबीचं (आम्लारीच्या आयनीभवनाच्या स्थिरांकाचं) गणित एका दिवशी घेतो आणि केएसपीचं (विद्राव्यता गुणाकाराचं) दुसऱ्या दिवशी. पहिल्या गणिताचं उत्तर उचलून दुसऱ्यात घालायचं, गुणाकार केएसपीपेक्षा मोठा आला की 'अवक्षेप येईल' असं लिहायचं, दोन मार्क. 'येईल की नाही' एवढ्यापुरतं हे ठीक आहे. पण 'किती येईल' हा प्रश्न आला की ही रीत कोसळते. कारण अवक्षेप यायला लागला त्या क्षणी पहिल्या दिवसाचं उत्तर शिळं झालेलं असतं.

तू अमोनियाचं अनुमापन केलंच असशील. ०.०५ मोलर अमोनिया २० मिली घेतला आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल भरलं, तर किती मिलीला रंग बदलतो? दहा. आता तुझ्याच तर्काने बघ. हायड्रॉक्साइड फक्त ९.५ × १०⁻⁴ मोलर असेल तर ०.१९ मिली आम्लात काम संपायला हवं. ते म्हणजे ब्युरेटचे चार थेंब. चार थेंबांत मिथाइल रेड लाल झाल्याचं तू कधी पाहिलंयस का? तिथे तुला शंका आली नाही, कारण आम्ल हायड्रॉक्साइड खात जातं आणि अमोनिया ते पुरवत जातो, हे तिथे आपण न बोलता मान्य करतो. मॅग्नेशियमनेही तेच केलंय. फरक एवढाच की आम्ल शेवटच्या थेंबापर्यंत खेचतं, मॅग्नेशियमची ताकद मध्येच संपते. का संपते, ते पुढे सांगते.

०.०५ मोलर अमोनियात दर शंभर रेणूंमागे जेमतेम दोन रेणूंनी पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतलेला असतो. बाकीचे अठ्ठ्याण्णव साध्या अमोनियाच्या रूपात आहेत. सौम्य आम्लारी म्हणतात ते यालाच. नळाखालच्या बादलीत किती पाणी आहे यावरून गच्चीवरच्या टाकीत किती आहे हे कळत नाही. तुझं ९.५ × १०⁻⁴ हे बादलीतलं पाणी आहे. टाकी आहे ०.०५ मोलर, म्हणजे पन्नासपटीहून जास्त.

इथे बाटलीवरच्या लेबलाबद्दल थोडं बोलते, कारण गैरसमजाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. आपल्या लॅबमध्ये अजूनही 'अमोनियम हायड्रॉक्साइड' असं लिहिलेलं असतं. आऱ्हेनियसच्या कल्पनेप्रमाणे आम्लारी म्हणजे पाण्यात हायड्रॉक्साइड सोडणारा पदार्थ. मग अमोनिया आम्लारी कसा? त्याच्यात तर हायड्रॉक्साइडच नाही! म्हणून पाणी जोडून अमोनियम हायड्रॉक्साइड असा रेणू कागदावर उभा केला गेला. १९२३ मध्ये ब्रन्स्टेड आणि लावरी यांनी स्वतंत्रपणे वेगळी व्याख्या मांडली, की हायड्रोजन आयन स्वीकारतो तो आम्लारी. मग त्या रेणूची गरज उरली नाही. पण लेबलं बदलली नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइडच्या शेजारी अमोनियम हायड्रॉक्साइड अशी बाटली दिसली की पोरांना वाटतं, दोघांच्यात हायड्रॉक्साइड आहेच, फक्त एकात कमी सुटतं. खरं तर अमोनियाच्या बाटलीत ते साठवलेलं नसतंच, मागणी येईल तसं पाण्याकडून घडवलं जातं.

आता हिशोब. दोन समतोल वेगवेगळे लिहू नकोस, एकत्र लिही:

मॅग्नेशियम आयन + २ अमोनिया + २ पाणी ⇌ मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड (घन) + २ अमोनियम आयन

ही अभिक्रिया म्हणजे अमोनियाचं आयनीभवन दोनदा, अधिक मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं विरघळणं उलट दिशेने. म्हणून हिचा स्थिरांक केबीचा वर्ग भागिले केएसपी. अमोनियाचा केबी १.८ × १०⁻⁵ (ॲसिटिक आम्लाचा केए, म्हणजे आम्लाचा तसाच स्थिरांक, पण जवळजवळ हाच, त्यामुळे पेपरात गल्लत होते, जपून). मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा केएसपी बहुतेक पाठ्यपुस्तकांत १.८ × १०⁻¹¹ दिलेला असतो. भागाकार येतो १८.

या १८ कडे जरा थांबून बघ. सगळी गोम इथे आहे. अवक्षेपणाचे स्थिरांक सहसा दहाच्या मोठमोठ्या घातांत असतात, एकदा साका बसला की बसला. हा आहे फक्त १८. म्हणजे ही अभिक्रिया पुढेही जाते आणि थोडा धक्का दिला की मागेही येते. पाठ्यपुस्तकाने याच जोडीला उदाहरण म्हणून निवडलं त्यामागे हेच कारण आहे, फक्त ते कुणी सांगत नाही.

समज, दर लिटरला य मोल मॅग्नेशियम खाली बसलं. मग द्रावणात मॅग्नेशियम उरलं ०.०५ वजा य, अमोनिया उरला ०.०५ वजा २य, आणि अमोनियम तयार झालं २य. (२य)² ला (०.०५ − य) आणि (०.०५ − २य)² यांच्या गुणाकाराने भागायचं, उत्तर १८ यायला हवं. घनसमीकरण आहे, पण घाबरू नकोस, कॅल्क्युलेटरवर अंदाजाने किमती घाल. ०.०१० घातलं तर ११ येतात, ०.०१२ घातलं तर २२. मध्ये कुठेतरी, ०.०११४ ला जमतं. म्हणजे मॅग्नेशियमपैकी साधारण २३ टक्के खाली, अमोनियापैकी ४५ टक्के खर्च. तुझ्या २०० मिलीत हा साका होतो १३३ मिलिग्रॅम.

आणि हायड्रॉक्साइड आता किती? ओतण्यापूर्वी अशाच पातळ अमोनियाचा पीएच ११ च्या जवळ होता. आता अमोनिया उरलाय ०.०२७ आणि अमोनियम झालंय ०.०२३. म्हणजे हायड्रॉक्साइड सुमारे २.२ × १०⁻⁵, पीएच ९.३. अर्धाएक टक्का नव्हे, हायड्रॉक्साइडची संहती चाळीसपटीहून जास्त उतरली. तुमच्याकडे पीएच मीटर असेल तर हे डोळ्यांनी बघता येईल. लिटमसवर कळणार नाही, त्याला ११ काय आणि ९ काय, दोन्हीकडे निळाच.

साका मध्येच का थांबतो ते यात आलं. मॅग्नेशियम खाली बसताना प्रत्येक वेळी दोन अमोनियम आयन मागे सोडतं. तू बाहेरून अमोनियम क्लोराइड घातलं नाहीस, पण तुझ्या बीकरमध्ये ते आपोआप तयार होत होतं. क्लोराइड तर आधीपासून होतंच. टाकीच्या भाषेत सांगायचं तर साका पाणी ओढत होता आणि तोच एका हाताने नळ आवळत होता. शेजारच्या मुलाने नळ सुरुवातीलाच आवळून ठेवला. तुमच्या दोघांच्या बीकरमध्ये घडलेली गोष्ट एकच आहे, तुझ्याकडे ती उशिरा घडली इतकंच.

राहिला प्रश्न १३३ आणि ११२ चा. यातला काही भाग गाळताना, धुताना गेला असेल. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यातही किंचित विरघळतं, फार धुऊ नये. पण मोठा भाग वेगळा आहे. ०.०५ मोलर मॅग्नेशियम क्लोराइड हे काही विरळ द्रावण नव्हे. आयनांची इतकी गर्दी असली की त्यांची परिणामी संहती मोजलेल्या संहतीपेक्षा कमी भरते, आणि दोन प्रभार असलेल्या मॅग्नेशियमला याचा फटका जास्त बसतो. नेहमीच्या डेव्हिस समीकरणाने दुरुस्ती केली तर १८ च्या जागी साधारण १० धरावे लागतात आणि साका येतो ११४ मिलिग्रॅम. तुझे ११२. खरं सांगू, इतकं जुळणं हा थोडा योगायोगही आहे. कारण दुसरी काही पुस्तकं याच पदार्थाचा केएसपी ५.६ × १०⁻¹² देतात. तो घेतला तर दुरुस्तीशिवायचं उत्तर १७० च्या आसपास जातं. दोन्ही आकडे छापील आहेत आणि दोन्ही खोटे नाहीत. ताजा, मऊ साका जास्त विरघळतो. तोच चार दिवस द्रावणात राहून स्फटिकासारखा घट्ट झाला की कमी विरघळतो. तू ताजा गाळलास, म्हणून तुझ्यासाठी पहिला आकडा जवळचा. परीक्षेत मात्र प्रश्नपत्रिकेत दिलेलाच घ्यायचा, तिथे शहाणपणा करू नकोस.

आता अमोनियम क्लोराइडने काय केलं ते. 'क्लोराइड आम्लधर्मी आहे, त्याने अमोनियाचं उदासिनीकरण केलं' हे उत्तर मी तोंडी परीक्षेत इतक्या वेळा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. अमोनियम आयन सौम्य आम्ल आहे हे खरं. पण त्याने हायड्रोजन आयन अमोनियाला दिला तर काय होईल? देणारा अमोनिया होईल आणि घेणारा अमोनियम. जिथे होतो तिथेच. अमोनिया एका रेणूनेही कमी झालेला नाही. त्या मुलाच्या बीकरचा वास घेऊन बघ, तसाच नाकात जाईल.

कमी झालं ते हायड्रॉक्साइड. किती कमी व्हायला हवं होतं? ०.०५ मोलर मॅग्नेशियम सगळंच्या सगळं द्रावणात राहायचं असेल तर हायड्रॉक्साइड १.९ × १०⁻⁵ च्या वर जाता कामा नये. अमोनिया ०.०५ मोलर असताना हे साधायला अमोनियम लागतं ०.०४७ मोलर. दोनशे मिलीला याचे होतात अर्धा ग्रॅम अमोनियम क्लोराइड. दुसरा केएसपी घेतला तर सुमारे एक ग्रॅम लागेल. त्याने टाकलेला चमचाभर म्हणजे तीन-चार ग्रॅम सहज असेल. साका येण्याचा प्रश्नच नव्हता.

अमोनियम क्लोराइड हे नाव परकं वाटत असेल तर नवसागर म्हण. घरी पितळी भांड्यांना कल्हई करायला येणारा माणूस तापलेल्या भांड्यात पांढरी पूड टाकायचा, भसकन पांढरा धूर उठायचा आणि मग कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा, तो हाच नवसागर. तुमच्या पिढीने कल्हईवाला पाहिला असेल की नाही कोण जाणे. मी माझ्या मुलांना वर्गात याच नवसागरावर एक प्रयोग दाखवायचे. औषधाच्या दुकानात मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिळतं, म्हणजे पाण्यात कालवलेलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. साधं, वासाचा रंगाचा मसाला नसलेलं घ्यायचं. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, शंभर मिली पाण्यात घातलं की दूध झाल्यासारखं दिसतं. त्यात चमचाभर नवसागर टाकायचा आणि ढवळत राहायचं. पहिल्या मिनिटात काही दिसत नाही, मुलं चुळबुळ करायला लागतात. मग दूध पातळ व्हायला लागतं, ग्लासाच्या पलीकडचं बोट दिसायला लागतं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "मॅडम, वास येतोय!" तो अमोनियाचा वास. तुझ्या बीकरमधली अभिक्रिया उलटी चालू झालेली असते. आम्ल टाकलेलं नाही, तापवलेलं नाही, फक्त उजव्या बाजूला अमोनियम वाढवलं. स्थिरांक १८ आहे म्हणून हे शक्य होतं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि ते मिश्रण सरळ मोरीत ओतायचं.

सॉल्ट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे क्षारातले धातू गटागटाने खाली बसवून ओळखताना, तिसऱ्या ग्रुपला आधी अमोनियम क्लोराइड आणि मग अमोनिया, हा क्रम याचसाठी आहे. पीएच सव्वानऊच्या आसपास अडकवून ठेवला की लोह आणि ॲल्युमिनियमला तेवढं हायड्रॉक्साइड भरपूर होतं. फेरिक हायड्रॉक्साइडचा केएसपी २.८ × १०⁻³⁹ आहे. नुसत्या गणिताने पाहिलं तर लिटरभर द्रावणात मोकळा फेरिक आयन एकही सापडू नये. मॅग्नेशियम मात्र त्याच द्रावणात निवांत पोहत पुढच्या ग्रुपला जातं. त्याआधी नायट्रिक आम्लाचे थेंब घालून उकळायचं असतं ते फेरस लोहाचं फेरिक करायला, कारण फेरस हायड्रॉक्साइड इतक्या कमी हायड्रॉक्साइडला पूर्ण खाली बसत नाही, थोडं लोह निसटून पुढे गोंधळ घालतं. मजा अशी की ही पद्धत कारण कळायच्या कितीतरी आधीची आहे. फ्रेझेनियस यांनी गुणात्मक विश्लेषणाचा क्रम १८४१ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. नेर्न्स्ट यांनी विद्राव्यता गुणाकाराची कल्पना मांडली १८८९ मध्ये. मधली जवळपास पन्नास वर्षं रसायनज्ञ बरोबर क्रमाने बाटल्या उचलत होते. आपली मुलं आज दोन्ही शिकतात, पण वेगवेगळ्या सेमिस्टरला.

प्रत्यक्षातली एक खोच सांगते, ही पुस्तकात सहसा नसते. एका वर्षी आमच्या प्रॅक्टिकलला निम्म्या बॅचला तिसऱ्या ग्रुपमध्ये पांढरा साका आला. सगळ्यांनी 'ॲल्युमिनियम' लिहून टाकलं. मिश्रणं मीच बनवली होती, त्यात ॲल्युमिनियमचा पत्ताच नव्हता. होतं बेरियम. बेरियम हायड्रॉक्साइड चांगलं विरघळतं, अमोनियाने त्याचा साका पडणं शक्यच नाही. दुपारभर डोकं खाजवलं. शेवटी लॅबमधल्या जुन्या सहायकांनी अमोनियाची बाटली उजेडात धरली. अर्ध्याहून कमी भरलेली, तळाशी पांढुरके कपचे तरंगत होते, बूच नीट बसत नव्हतं. त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकले, लगेच गढूळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पिऊन त्या अमोनियात अमोनियम कार्बोनेट झालं होतं, आणि बेरियम पाचव्या ग्रुपची वाट न बघता तिसऱ्यातच उतरत होतं. सौम्य आम्लारी असला तरी कार्बन डायऑक्साइड शोषायला अमोनिया चांगलाच हावरा आहे. तळाचे कपचे म्हणजे काचेतून सुटलेली सिलिका, जुना अमोनिया काचही हळूहळू खातो. तेव्हापासून टर्मच्या सुरुवातीला मी प्रत्येक अमोनियाची बाटली बेरियम क्लोराइडने तपासून घ्यायचे. आणि बाटली मे महिन्यात कधी थेट उघडू नये. संहत अमोनिया उन्हाळ्यात आत दाब धरतो. थंड पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून, तोंड दुसरीकडे करून, फ्यूम हूडमध्येच उघडायची.

तुझ्या प्रश्नात नाही, पण पुढे विचारशीलच म्हणून लिहिते. तांब्याच्या द्रावणात अमोनिया थेंब थेंब टाकला की आधी फिकट निळा साका येतो, आणि आणखी टाकला की विरघळून गर्द निळं द्रावण होतं. तिथे अमोनियाचा दुसरा स्वभाव दिसतो. तो नुसता हायड्रॉक्साइड पुरवत नाही, स्वतः धातूला जाऊन चिकटतो. मग साका विरघळण्याचं कारण पीएच नसून जटिल आयन असतो. जस्तही असंच. ॲल्युमिनियम जास्तीच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतं पण जास्तीच्या अमोनियात नाही, कारण ते अमोनियाला धरत नाही आणि अमोनिया त्याला लागतं तेवढं हायड्रॉक्साइड देऊ शकत नाही. मॅग्नेशियमला पाण्यात अमोनियाचं जवळजवळ काही वाटत नाही. म्हणून तुझ्या प्रयोगात फक्त हायड्रॉक्साइडचाच खेळ स्वच्छ दिसतो. 'मॅग्नेशियमचा अमोनियाशी कॉम्प्लेक्स झाला म्हणून साका आला नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. चांदीवर हे प्रयोग करशील तर अमोनियातलं चांदीचं द्रावण काम झाल्याबरोबर आम्ल घालून टाकून दे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नकोस. साठवलेल्या द्रावणात स्फोटक पदार्थ तयार होतो. यात अतिशयोक्ती नाही.

आणखी एक गंमत. तुझं ०.०५ मोलर मॅग्नेशियम हा पुस्तकी आकडा वाटेल, पण समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, ते होतं ०.०५३ मोलर. अमेरिकेत टेक्ससमधल्या फ्रीपोर्टला डाऊ कंपनीने १९४१ पासून समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम काढलं ते याच हायड्रॉक्साइडच्या साक्यावाटे. पण त्यासाठी चुना वापरला, अमोनिया नाही. आता तुला कारण माहीत आहे. अमोनियाने चतुर्थांश मॅग्नेशियम मिळेपर्यंत काम स्वतःच थांबलं असतं. चुना पाण्यात कमी विरघळतो, पण विरघळतो तेवढ्याचं पूर्ण विचरण होतं, म्हणजे तो सगळा आयनांत सुटतो, आणि मागे राहणारा कॅल्शियम आयन कुणाचा नळ आवळत नाही. 'कमी विरघळणारा' आणि 'सौम्य' हे दोन शब्द मुलं एकाच अर्थाने वापरतात, ते तेवढं सुधार.

आता एक काम देते. साका गाळल्यावर खाली आलेलं पाणी तू फेकून दिलं नसशील तर बरं. त्यात तुझं ऐंशी टक्के मॅग्नेशियम अजून आहे. त्यात दोन चमचे नवसागर टाक, मग चांगला वास येईपर्यंत अमोनिया. द्रावण स्वच्छच राहील. आता डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचं द्रावण थोडं थोडं घाल आणि काचेच्या कांडीने बीकरची आतली भिंत घास. जिथे घासशील तिथे आधी पांढऱ्या रेघा उमटतील, मग बारीक चमकणारे स्फटिक. हे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. ज्या अमोनियमने मॅग्नेशियमला हायड्रॉक्साइडपासून वाचवलं तेच इथे त्याला धरून खाली बसतं. मुतखड्याचा एक प्रकार याच पदार्थाचा असतो. मूत्रमार्गात संसर्ग करणारे काही जिवाणू युरिया फोडून अमोनिया करतात, पीएच चढतो आणि खडा वाढत जातो. खनिज म्हणून याचं नाव स्ट्रुव्हाइट, १८४५ मध्ये दिलेलं.

बीकर रात्रभर झाकून ठेव. दुसऱ्या दिवशी गाळ, पाण्याने नको, पातळ अमोनियाने धू. ओव्हनमध्ये घालू नकोस, त्यातलं पाणी आणि अमोनिया उडून जाईल. हवेतच वाळव. सहा पाण्याचे रेणू धरून हिशोब केला तर जवळपास दोन ग्रॅम भरायला हवेत. भरले की कळव. कमी भरले तरी कळव, आणि किती वेळा धुतलंस तेही लिही.